गोधडीवरचं रान

हुरड्याचे दिवस आले की आमच्या निमोण्यात आता पिंजराही येतो. फॉरेस्टची माणसं उसाच्या कडेला तो लोखंडी पिंजरा ठेवतात, आतल्या कप्प्यात एक बिचारी शेळी बांधतात, आणि जीपवरच्या भोंग्यातून सांगत फिरतात, की दिवेलागणीनंतर एकट्यादुकट्यानं बाहेर पडू नका, शेतात वाकून काम करू नका, लहान पोरांना सांभाळा. बिबट्या आता आमच्या गावचाच झाला आहे. उसात जन्मतो, उसात वाढतो. डोंगर त्यानं पाहिलेलासुद्धा नसतो. माझ्या मामेसासऱ्यांचा, तुकामामांचा, पणतू विशाल मोबाइलवर त्याच्या पावलांचे फोटो काढून आणतो आणि माझ्या डोळ्यांसमोर धरतो. मी गप्प बसते. त्याला वाटतं, आजी घाबरली. मी घाबरलेली नसते. ज्या जनावरांच्या रानात शिरायला एके काळी अर्ज करावे लागत, साहेबाची सही लागे, ती जनावरं आता न बोलावता आमच्या बांधावर येऊन बसली आहेत, याचं मला हसू येत असतं. ते हसू फार वेळ टिकत नाही, एवढंच.

मळ्यात आगटी पेटते. गोवऱ्यांचा धूर ज्वारीच्या पानांवरून खाली खाली सरकत येतो. भाजलेल्या कणसाचा तो गोडसर वास, तळहातावर चोळताना बसणारा चटका, लसणाच्या चटणीचा ठसका. पोरं हसतात, एकमेकांच्या हातातला हुरडा पळवतात. मला मात्र त्या धुरातून एक खोकला ऐकू येतो. इतकी वर्षं झाली, पण हुरडा आणि खोकला माझ्या मनात एकमेकांना चिकटून बसलेत. ते सुटे करावेत असं आता वाटतही नाही.

आमचे हे दौंडला रेल्वेत होते. आधी फायरमन, मग मालगाडीचे ड्रायव्हर. ह्यांचं नाव मी लग्नातल्या उखाण्यात घेतलं, त्यानंतर कधी घेतलं नाही. ह्यांनीही माझं कधी घेतलं नाही. "अगं", "ऐकलं का", नाहीतर नुसतंच भांडं वाजवायचं, की मी समजायचं. चारचौघांत बायकोला नावानं हाक मारणं तेव्हा आमच्यात निर्लज्जपणाचं समजत. मला त्याचं काही वाटत नसे असं नाही. माहेरी दिवसभर माझ्या नावानं घर दणाणलेलं असे, आणि दौंडच्या क्वार्टरमध्ये आल्यावर ते नाव कुठंतरी फळीवर ठेवून दिल्यासारखं झालं होतं. पण बोलायची पद्धत नव्हती. शेजारी इंजिनं शिट्ट्या मारायची, वाळत घातलेल्या धोतरांवर कोळशाची कणी बसायची, आणि आमचा संसार त्या काजळीतही बरा चालला होता.

ज्या हिवाळ्यात बांगलादेशची लढाई लागली, त्याच्या थोडं आधी ह्यांचा खोकला वाढला. रक्त पडलं तेव्हा इस्पितळात नेलं. छातीचे फोटो काढले. व्हरांड्यात डॉक्टरांनी आम्हा तिघांना बाजूला घेतलं. मी, ह्यांचे मामा तुकामामा, आणि ह्यांना दादा म्हणणारे, ह्यांच्या इंजिनवरचे फायरमन नामदेवभावजी. डॉक्टर तरुण होते, बोलताना आमच्याकडे न बघता स्टेथोस्कोपची नळी गुंडाळत होते. फुफ्फुसात गाठ आहे, फार पसरली आहे. पाडवा दिसेल असं वाटत नाही. घरी न्या, हवं ते खाऊ घाला. "त्यांना सांगायचं की नाही, तुम्ही ठरवा," असं म्हणून ते पुढच्या खाटेकडे गेले.

आम्ही काही ठरवलंच नाही. तुकामामा तसेच तडक आत गेले, खाटेच्या कडेला बसले आणि म्हणाले, "काय न्हाई रं, नुसता कफ धरलाय. निमोण्याला चल थंडीभर. हुरडा खा, दूध पी, चांगला टणटणीत हो. मग माघात जाऊ शिकारीला. तुझ्या त्या रानात."

हे उठून बसले. कितीतरी दिवसांत असे बसले नव्हते. "खरं, मामा?"

"तर काय रं."

बाहेर आल्यावर मी मामांवर चिडले. तोवर मी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदरही कधी ढळू दिला नव्हता. "कशाला बोललात तुम्ही असं?"

बैलबाजार सोडून दुसरीकडं कधी खोटं न बोललेला तो माणूस व्हरांड्यातल्या नळावर तोंड धूत होता. "तोंडातनं निघून गेलं, पोरी," ते म्हणाले. "आता माघारी कसं घिऊ?"

असा तो शिकारीचा बेत सुरू झाला. त्या हिवाळ्यात मला दुसरं काही नको होतं. ह्यांना कळू नये, एवढंच मी जिवापाड सांभाळत होते.

ते रान म्हणजे भीमाशंकरच्या बाजूचं. आमची घोड नदी आणि दौंडची भीमा, दोन्ही त्याच डोंगरांतून येतात. हे म्हणायचे, "पाणी तिथनं इथवर रोज येतंय. आपल्याला एकदा तिकडं जायला काय झालं?" पण जाणं सोपं नव्हतं. सरकारी राखीव जंगल. पायथ्याला फॉरेस्टचं नाकं, रस्त्यावर आडवा बांबू. परवाना असेल त्यालाच सोडत, आणि रानाचा एक भाग एका वेळी एकाच टोळीला मिळे. लाकूडफाट्यालाही आतलीच माणसं जाऊ शकत. आमच्यासारख्या माळावरच्या माणसांना ती नुसती पश्चिमेची निळी रेघ. पावसाळा सरल्यावर हवा धुतल्यासारखी झाली की शिरूरच्या पुलावरून ती दिसायची, किंवा दिसते असं आम्ही म्हणायचो.

हे एकदाच तिथं गेले होते, नवे फायरमन असताना. दौंडचे एक म्हातारे ड्रायव्हरसाहेब शिकारीचे शौकीन. त्यांच्या टोळीत पाणी वाहायला म्हणून नेलेल्या ह्यांना त्यांनी खुशीत येऊन एक बैठक दिली, हातात बंदूक दिली. बैठक म्हणजे झाडावर बांधलेलं मचाण. खालून डोंगरातली माणसं ढोल, डबे वाजवत रान उठवतात, जनावर पुढं निघतं आणि बैठकीसमोरून जातं. नियम एकच होता. टोळीचा म्होरक्या खालून नाव घेऊन हाक मारेल, तेव्हाच त्या माणसानं उतरायचं. ज्याची हाक नाही आली, त्यानं तिथंच बसून राहायचं.

"आन् मी काय केलं?" ही गोष्ट हे दर वेळी नव्यानं सांगायचे. "वाजाप थांबलं. मी इंजिनवरचा माणूस. सगळं गप झालं म्हंजी गाडी थांबली, उतरायचं, एवढंच मला ठावं. उतरलो. पाय भुईला टेकला आन् समोरच्या कारवीतनं सांबर उठलं. एवढं थोरलं! ढोल जाईस्तवर दम खाऊन बसलं हुतं बेनं. माझ्याकडं बघितलं, फिरलं, गेलं. बंदूक वर झाडाला टांगलेली!"

म्हाताऱ्या साहेबांनी त्यांना पुन्हा कधी नेलं नाही. हे ती चूक आयुष्यभर उगाळत बसले. मी एकदा विचारलं होतं, "ते सांबर मारायचंच आहे का तुम्हाला?" तर जरा विचार करून म्हणाले, "मारीन, न्हाईतर नुसतं बघीन. पर आवंदा उतरणार न्हाई आधी."

आज शिकारीचं कौतुक करायला माझी जीभ वळत नाही. त्या काळीही जनावर मारण्यात काय मिळतं हे मला समजत नसे. पण ह्यांच्या डोळ्यांत ते सांबर इतकी वर्षं उभं होतं, की ते मेलं असेल, म्हातारं होऊन कुठंतरी कोसळलं असेल, असं ह्यांना कधी वाटलंच नाही. आणि मलाही ते जिवंतच हवं होतं. माघापर्यंत तरी.

निमोण्याला मामांच्या वस्तीवर आम्ही पडवीतल्या खोलीत राहिलो. नामदेवभावजी सुट्टीच्या दिवशी दौंडहून शिरूरची एस्टी धरून येत. लढाईमुळं त्यांना पुरती सुट्टी मिळतच नव्हती. जागून आलेले, डोळे लाल, नखांत कोळसा. ते सांगत, की विमानांना दिसू नये म्हणून इंजिनच्या भट्टीवर ताडपत्र्या बांधतात, सगळं दौंड काळंठिक्कर असतं, आणि जवानांच्या गाड्या निघाल्या की फलाटावरच्या बायका अंधारातच त्यांना भाकऱ्या देतात. हे ऐकत आणि चुळबुळ करत. आपलं इंजिन दुसऱ्याच्या हाती आहे, याचं त्यांना फार लागे.

पहिल्याच दिवशी भावजींनी मला चुलीपाशी गाठलं. "वहिनी, मला खोटं बोलाय येत न्हाई. माझ्या तोंडावर दिसतंय. जायचं म्हणायचंच आसंल, तर मी खराच आर्ज करतो. मग जे बोलू ते खरंच आसंल."

आणि खरंच ते जागरणावर जागरण करून पुण्याला फॉरेस्टच्या कचेरीत हेलपाटे घालू लागले. मामांची दोन नळ्यांची बंदूक होती, तिचं लायसन होतं. ते कागद नेले. बाबासाहेबांचा फोटो खिशात बाळगणारा तो सरळ माणूस, एका मरणाऱ्या मित्रासाठी साहेबांच्या दारात उभा राहत होता. त्यांच्या चहाचा कप मामी वेगळा ठेवी आणि राखेनं वेगळा घासे. भावजींना ते दिसत होतं. ह्यांनाही दिसलं. ह्यांनी दुसऱ्या दिवशी भावजींना खाटेवर, आपल्या पांघरुणावर बसवलं आणि म्हणाले, "नामदेव हितंच बसंल. नकाशा हितं हाय." मामी शेवटपर्यंत बदलली नाही, आणि भावजी शेवटपर्यंत येत राहिले. त्या कपाची मला आजही लाज वाटते.

नकाशा म्हणजे गोधडी. ह्यांच्या आईनं शिवलेली, जड, दुपेडी. त्यात सगळ्या घराचे कपडे होते. हे खाटेवर गुडघे उभे करून पडायचे आणि गोधडी वर ओढायचे, की दोन गुडघ्यांचे दोन डोंगर आणि मधे घळ तयार. माझ्या सासूबाईंच्या हिरव्या लुगड्याचा तुकडा ते दाट जंगल. खणाचा काळा-तांबडा तुकडा तो कडा. पायाशी आलेला पांढरा धोतराचा पट्टा म्हणजे नाक्याकडचा रस्ता. आणि ह्यांच्या फायरमनच्या जुन्या निळ्या डगल्याचा एक लांबुळका तुकडा होता, तो म्हणजे नदी, अगदी उगमाजवळची. "आईनं हे रान कवा बघितलं हुतं?" ते म्हणायचे. "बघ की, सगळं जिथल्या तिथं लावलंय."

बंदूकवाल्यांसाठी चिंचोके. रान उठवणाऱ्या हाकाऱ्यांसाठी ज्वारीचे दाणे. सांबर म्हणून माझ्या चंचीतली सुपारी. रोज संध्याकाळी दिवा लावला की हा मांड मांडायचा. वारा कुठून येतो, ऊन कुणाच्या डोळ्यांवर येईल, हाकारे कुठल्या सोंडेनं चढतील. तुकामामांना ऐकू कमी, म्हणून त्यांची बैठक कड्याखाली, जिथं आवाज घुमतो. भावजींची नजर तेज, म्हणून त्यांना घळीच्या तोंडाशी. त्यांच्यात वाद लागत. सांबर या अंगानं येणारच नाही, असं मामा म्हणत. सांबराला तुमचं ऐकायची सवय नाही, असं हे म्हणत. मग सगळे हसत, आणि हसता हसता ह्यांना उबळ येई, गुडघे हलत, डोंगर थरथरत, चिंचोके खाली घरंगळत जात. भावजी वाकून एकेक वेचत. मी पाठीवरून हात फिरवत राही. उबळ थांबली की हे डोळे पुसून विचारत, "कुठं हुतो आपण?"

मीही त्यात ओढली गेले. बेत खोटा आहे हे ज्या तिघांना माहीत होतं, त्यांतलीच मी, आणि तरी दशम्या किती टिकतील, तिळाची चटणी घ्यायची की कारळ्याची, यावर मी तावातावानं बोलत असे. दुपारी ज्वारी निवडताना मी मनात ती घळ चढून जायची. शेकरूची शेपटी कशी असेल, कारवीचा वास कसा असेल. खोटं म्हणून सुरू केलेल्या गोष्टीत माणूस किती खरेपणानं राहू शकतो, हे मला त्या दिवसांत कळलं. सबंध लग्नात आम्ही नवराबायको इतकं बोललो नव्हतो.

मग ह्यांचे पाय राहिनात. गुडघे उभे केले की आडवे पडत. एका संध्याकाळी मी गोधडीखाली दोन उशा घातल्या. डोंगर आधीपेक्षा जरा बुटका झाला. हे त्याकडे बघत राहिले. मामा म्हणाले, "पावसानं झिजला वाटतं," आणि सगळ्यांनी ते चालवून घेतलं.

लढाई संपली. संक्रांतीच्या तोंडावर परवाना आला. सही-शिक्क्याचा, माघातल्या पंधरवड्याचा, खराखुरा. भावजींनी तो ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी तो वाचला, पुन्हा वाचायला लावला, आणि उशीखाली ठेवला. मग एकदम म्होरक्याच्या आवाजात बोलायला लागले. "आता ऐका. बैठकीवर बिडी न्हाई. कांदा न्हाई. हलायचं न्हाई. आन् खोकायचं तर अजिबात न्हाई. जनावर कोसावरनं ऐकतंय."

कुणी कुणाकडे बघितलं नाही. भावजी एस्टीची वेळ झाली म्हणून उठले. एस्टीला अजून पुष्कळ अवकाश होता. मी त्यांच्यामागून अंगणात गेले, तर ते कडब्याच्या गंजीला टेकून उभे होते.

मी परत आले तेव्हा हे एकटेच गोधडीकडे बघत पडले होते. मी चिंचोके आवरायला वाकले आणि प्रथमच माझ्या लक्षात आलं. मामांचा चिंचोका होता. भावजींचा होता. तिसरा कुठंच नव्हता. इतक्या संध्याकाळी मी ते मांडले, उचलले, डबीत भरले, आणि मला कधी दिसलं नव्हतं, की ह्यांनी स्वतःला बैठकच दिली नव्हती.

"तुमची बैठक कुठंय?" मी विचारलं.

"माझी?" ते हसले. "खोकणाऱ्याला बैठक कोण दील?"

ह्यांना सगळं माहीत होतं. कदाचित इस्पितळातल्या त्या पहिल्या दिवसापासून. मी ह्यांच्यापासून लपवत होते आणि हे माझ्यापासून. मामांचं मन मोडू नये म्हणून, भावजींचे हेलपाटे वाया जाऊ नयेत म्हणून, मी चुलीपाशी रडत बसू नये म्हणून, हे रोज गुडघ्यांचे डोंगर उभे करत होते. मला वाटलं होतं, की आम्ही ह्यांना सांभाळतोय.

"रडू नगं," ते म्हणाले. "मी खाली ऱ्हातो की. म्होरक्या. वाजाप थांबलं की एकेकाला हाक मारून उतरवायला कुणीतरी खाली पायजेच."

दिव्याची वात मी सारखी केली. मग, का कोण जाणे, मी म्हणाले, "मलापण एक बैठक द्या."

"बायामाणसं येत्यात व्हय शिकारीला?"

"द्या म्हणते ना."

त्यांनी डबी मागितली. चिंचोके चाळून चाळून एक गुळगुळीत, तांबूस, चांगला ठसठशीत निवडला. आणि तो त्यांच्या डगल्याच्या निळ्या तुकड्यावर ठेवला. "तू हितं. पाण्यावर. जनावर शेवटी पाण्यावरच येतंय. सगळ्यात चांगली बैठक हाय ही, मामांना सांगू नगं."

"आणि मला नावानं हाक माराल?"

हा प्रश्न माझ्या तोंडून कसा गेला, मला अजून कळत नाही. पण गेला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा बघितलं होतं, तसं काहीसं.

"मारीन की," ते म्हणाले. "डोंगरात कोण ऐकतंय?"

"आत्ता एकदा मारा."

त्यांनी तो चिंचोका बोटानं निळ्यावर नीट बसवला. छाती वरखाली होत होती. मग म्हणाले, "आत्ता न्हाई. आत्ता मारली तर तुला उतरावं लागंल. तू बस अजून. ढोल थांबलं तरी उठायचं न्हाई. मी केलं तसं करू नगं."

पौष संपायच्या आधी, एका सकाळी, मामी दुधाचा पेला घेऊन आत गेली आणि पेला तसाच ठेवून बाहेर आली. ह्यांच्या तोंडून शेवटी माझं नाव निघालं नाही. काहीच निघालं नाही. घोडनदीच्या काठी सगळं झालं. पाणी गुडघाभर होतं, संथ होतं, त्या डोंगरातून आलेलं होतं.

बायकांनी चार दिवस रडून घेतलं, पाहुणे परतले, दिवसवार उरकले. वाजाप थांबलं. आणि मग मला कळलं, की ढोल गेल्यावर उठणाऱ्या जनावराबद्दल हे काय सांगत होते. माणसं असेपर्यंत दुःख दबा धरून बसतं. सगळं गप झाल्यावर ते उठतं आणि समोर उभं राहतं. मी ते भांडी घासताना बघितलं, ज्वारी खुडताना बघितलं, आगटीच्या विझल्या राखेपाशी बघितलं.

माघ आला. परवान्याचा पहिला दिवस आला. नामदेवभावजी दौंडहून आले. तुकामामांनी बंदूक भिंतीवरून काढली, फडक्यानं पुसली, नळीतून उजेडाकडे बघितलं आणि पुन्हा भिंतीला लावली. "म्होरक्याच न्हाई तर रान कुणी उठवायचं?" ते म्हणाले. दोघं ओट्यावर बसून राहिले. मी गोधडी उन्हात टाकली होती. दांडीवर ती सपाट लोंबत होती. डोंगर नाही, घळ नाही. नुसते लुगड्यांचे तुकडे.

त्या वर्षी पाऊसच पडला नाही. माणसं खडी फोडायला गेली, जनावरं छावण्यांत गेली. मग नवा कायदा आला, शिकारीचे परवाने बंद झाले, आणि ते रान अभयारण्य झालं. बरंच झालं. ह्यांचं सांबर असेलच, तर त्याला आता कुणी उठवणार नव्हतं.

रेल्वेनं मला दौंडच्या कचेरीत चिकटवून घेतलं. सातवी पास होते. फायली लावता लावता लिहायला-वाचायला गोडी लागली. माहेरच्यांनी एकदोनदा दुसऱ्या लग्नाचं सुचवलं. भाऊ म्हणाला, "झालं ते झालं. किती दिवस तिथंच बसणार?" त्याचं चुकत नव्हतं. माझं वय झालेलं नव्हतं. कचेरीत एक सज्जन विधुर होते, माझ्या टेबलावर रोज पाण्याचा तांब्या भरून ठेवत. मला ते कळत होतं आणि बरंही वाटत होतं. पण मला कुणीतरी सांगितलं होतं बसायला. हे भावाला कसं समजावणार? मी हसून विषय बदलला. माझ्या मनातही शंका येई, की नवऱ्यानं दिव्याच्या उजेडात थट्टेनं ठेवलेल्या एका चिंचोक्यावर आयुष्य काढणं हा शहाणपणा आहे का. नसेलही. काही संध्याकाळी मला ह्यांचा रागही आला. एकदा हाक मारली असती तर काय बिघडलं असतं?

तुकामामा गेले तेव्हा मी उशाशी होते. ऐकू तर येतच नव्हतं त्यांना, पण एकदम मान वळवून "व्हय, आलो," म्हणाले. खोलीत कुणी बोललेलं नव्हतं. नामदेवभावजींच्या घरी मी गेल्या पावसाळ्यात गेले होते. नव्वदीला आलेले, खाटेवर पातळ झालेले. भिंतीवर बाबासाहेब, खाली नातवंडांचे मेडल. मी "जय भीम, भावजी" म्हटलं. त्यांनी डोळे उघडले आणि माझा हात धरला. "वहिनी," ते म्हणाले, "घळीच्या तोंडाशी लई दिस बसलो मी. आता दादानं बोलावलं तर बरं व्हईल." मला वाटलं होतं, की त्या बैठका फक्त मलाच आठवतात. आठवड्याच्या आत त्यांनाही बोलावणं आलं.

आता मी निमोण्यालाच असते, मामांच्या वस्तीवर, त्याच पडवीत. गोधडीची किती वेळा डागडुजी केली. हिरवा तुकडा विरला, खण विरला. निळ्यावर मात्र मी दुसऱ्या कुणाला टाका घालू दिला नाही. मला इथं कुणी आजी म्हणतं, कुणी काकू, पेन्शनच्या बँकेतली पोरगी मॅडम म्हणते. नावानं हाक मारणारं माणूस आता उरलेलं नाही. आईवडील गेले, भाऊ गेला. ते नाव मी इथंही लिहीत नाही.

आज संध्याकाळी ओट्यावर बसले होते. आगटीचा धूर उतरत होता. फॉरेस्टची जीप भोंगा वाजवत बांधावरून गेली, आवाज बारीक होत होत उसापलीकडे थांबला. पश्चिमेला डोंगराची रेघ होती की ढग होता, आता डोळ्यांना नीट कळत नाही. सगळीकडे गप झालं. विशाल दारात आला. "आजी, आत चला ना. बिबट्या हाय, कळतंय का तुम्हाला? उतरा ओट्यावरनं."

पोरगं काळजीनं बोलत होतं. पण नुसतं "आजी" म्हणाला तो.

"तू हो पुढं," मी म्हटलं. "मी बसते अजून जरा."